‘प्रदूषण युद्धामुळे होतं, सैन्यामुळे नाही’ म्हणे!

सध्या एक दावा जोरात फिरतोय: ‘प्रदूषण युद्धामुळे होतं, सैन्यामुळे नाही. उलट सैन्यावर भरपूर खर्च केला की युद्ध टळतं, म्हणजे पर्यावरणही वाचतं.’ त्याला शेपट्याही जोडलेल्या असतात: सैन्याचं उत्सर्जन किरकोळ असतं, लष्करी हद्दीत निसर्ग फुलतो आणि सौरऊर्जा तर सैन्याचीच देणगी. ऐकायला झकास आहे, पण टिकत नाही.

आधी मुख्य मुद्दा. युद्ध नसतानाही सैन्य थांबलेलं नसतं. विमान विकत घेतलं की ते उडवावंच लागतं, वैमानिकाचा सराव काही कागदावर होत नाही. एफ-३५ए या लढाऊ विमानाच्या फक्त अंतर्गत टाक्यांतच ८ टनांहून जास्त इंधन मावतं. आणि हे इंधन कुठेतरी साठवावं लागतं. हवाई बेटांवर रेड हिल इथे अमेरिकी नौदलाच्या २० अजस्र भूमिगत टाक्या होत्या, दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या. खाली जेमतेम ३० मीटरवर पिण्याच्या पाण्याचा भूजलसाठा! २०२१ च्या मे महिन्यात सांडलेलं जेट इंधन अग्निशमन यंत्रणेच्या प्लॅस्टिकच्या पाइपात जाऊन बसलं आणि तसंच राहिलं. नोव्हेंबरमध्ये एका गाडीची धडक बसून तो पाइप फुटला, आणि इंधन थेट नळाच्या पाण्यात उतरलं. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३,००० लोक अवलंबून होते, त्यातले बरेचसे सैनिकांचेच कुटुंबीय. तिथे ना बॉम्ब पडला होता, ना शत्रू आला होता.

हा अपवादही नव्हे. कॅम्प लेजून या अमेरिकी तळावर १९५३ ते १९८७ या काळात पिण्याच्या पाण्यात बेन्झिनसारखी कर्करोगकारक रसायनं होती. अमेरिकेतल्याच हॅनफर्डला अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवताना तयार झालेला किरणोत्सारी कचरा आजही १७७ भूमिगत टाक्यांत पडून आहे. यातल्या काही टाक्या गळक्या निघाल्या. ही सगळी बिलं ‘संरक्षण खर्चा’चीच, फक्त उशिरा आलेली.

उत्सर्जन किरकोळ? २०२२ मधल्या एका अंदाजानुसार जगभरच्या सैन्यांचा वाटा एकूण हरितगृह वायूंच्या सुमारे ५.५ टक्के आहे. अंदाजच का, तर आकडे देण्याची सक्ती नाही म्हणून. १९९७ च्या क्योटो हवामान करारात अमेरिकेच्या आग्रहावरून लष्करी उत्सर्जनाचा मोठा भाग हिशेबातून वगळला गेला, २०१५ च्या पॅरिस करारानंतर नोंद ऐच्छिक झाली. वहीत लिहिलंच नाही तर रक्कम किरकोळच दिसणार! दरम्यान जगाचा लष्करी खर्च २०२४ मध्ये २.७ लाख कोटी डॉलरवर पोचला, एका वर्षात ९.४ टक्क्यांनी वाढून.

निसर्ग फुलतो, हे काही ठिकाणी खरं आहे. दोन्ही कोरियांच्या सीमेवरचा निर्लष्करी पट्टा १९५३ पासून जवळजवळ माणसाविना आहे म्हणून तिथे दुर्मीळ क्रौंच दिसतात. पण ही करामत माणूस नसण्याची आहे, त्यासाठी सुरुंग पेरायची गरज नसते. अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळचा रॉकी माउंटन आर्सेनल हाही आवडता दाखला. रासायनिक अस्त्रांच्या त्या कारखान्याचं आज अभयारण्य झालंय खरं, पण साफसफाईवर २ अब्ज डॉलरहून जास्त ओतल्यावर.

सौरऊर्जेचं थोडक्यात: सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट १९५४ मध्ये बेल लॅब्जमध्ये, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत बनला. १९५८ चा व्हॅनगार्ड-१ हा सौरघट लावलेला उपग्रह अमेरिकी नौदलाचा होता, एवढं श्रेय देऊ. पॅनेल स्वस्त झाली ती मात्र जर्मनीच्या २००० सालच्या वीजखरेदी कायद्यानं आणि चीनच्या कारखान्यांनी.

राहता राहिला शेवटचा बचाव: आकडे उघड केले तर गुपितं फुटतील. पण अमेरिकेचं ऊर्जा खातं १९७५ पासूनचा तिथल्या संरक्षण खात्याचा ऊर्जावापर वर्षागणिक जाहीर करतं. त्याच आकड्यांवरून राज्यशास्त्राच्या अभ्यासक नेटा क्रॉफर्ड यांनी तिथल्या लष्कराचं उत्सर्जन मोजलं.