माळरानाला गवतच हवे

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीची निमंत्रणे सुरू होतात. २०१९ साली तर राज्याने तेहतीस कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले होते. झाडे लावण्याला माझा विरोध नाही, मात्र सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतील माळरानांवर खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे तिथल्या वन्यजीवांच्या मुळावर उठणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

माळढोक हा मोठा पक्षी बहुधा एका वेळी एकच अंडे घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा माळ त्याला लागतो. सत्तरच्या दशकात दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला काही पट्टे चराईपासून राखले गेले, तिथे गवत वाढले आणि माळढोक त्या गवतात येऊ लागला. पुढे १९७९ मध्ये सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात बहुतेक क्षेत्र शेतीचे आणि गावांचे होते, खरा माळ थोडाच होता, आणि त्या थोड्या माळावरही आपण गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे बाहेरून आणलेले झाड लावले. आज जगात मोकळ्या रानात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, आणि जे आहेत ते बहुतांश राजस्थानात आहेत. विजेच्या तारा, शिकार आणि बदललेली पिके हीही त्यामागची कारणे आहेत, पण माळावरची लागवड ही आपण पुण्यकर्म समजून केलेली हानी असल्यामुळे तिचे मला अधिक वाईट वाटते.

गिरिपुष्पाच्या दाट लागवडीत शिरून खाली पाहावे. पाचोळ्यातून गवताची एखादी विरळ काडी दिसते, तर शेजारच्या राखलेल्या पट्ट्यात पवना, मारवेल आणि कुसळी ही गवते गुडघ्यापर्यंत आलेली असतात. फांद्यांवर कावळ्यांना बसायला जागा मिळते, आणि माळटिटवी किंवा धाविक या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची खड्यांत मिसळून गेलेली अंडीही वरून टिपली जातात. काळवीट, लांडगा आणि खोकड यांचे आयुष्यही याच मोकळ्या माळावर अवलंबून आहे.

म्हणून लावलेले गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढावे. ते नुसते तोडून भागत नाही, बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, तेव्हा काही वर्षे पाठपुरावा करावा लागतो. त्या जागी गवताचे बी जवळच्याच माळावरून गोळा करून पहिल्या पावसाआधी टाकावे आणि रोपटी मूळ धरेपर्यंत तो पट्टा चराईला बंद ठेवावा. बी झडल्यानंतर गवत कापून न्यायला हरकत नसावी.

पट्टे कोणते बंद ठेवायचे आणि कधी मोकळे करायचे, हे मात्र धनगरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. कोणत्या माळावर कोणते गवत केव्हा तयार होते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि चराई बंद झाल्याचा पहिला फटकाही त्यांच्याच मेंढरांना बसणार आहे. त्यामुळे बंद पट्ट्यांतले कापलेले गवत सर्वांत आधी त्यांना मिळाले पाहिजे.