चार्ट ठणठणीत, पेशंटचं नंतर बघू

पाऊस लागला की कोल्हापुरात पंचगंगेची पातळी ठाऊक नसलेला माणूस सापडणं अवघड. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरही सांगतं. प्रयाग चिखलीतला शेतकरी तर ३९ ची वाटही बघत नाही. पाणी कसं चढतंय ते पाहूनच तो म्हशी सोडतो. त्याला कुणी ‘आधी ४३ होऊ दे, मग कळव’ असं म्हणत नाही.

ही नजर आयसीयूच्या दारात चपलांशेजारी काढून ठेवा. नव्याने रुजू झालेल्या सिस्टर असा की ब्रदर, पहिल्या आठवड्यात एवढं अंगवळणी पडलं पाहिजे की आत पेशंट आजारी असतो तो असतोच, चार्ट मात्र आजारी पडता कामा नये.

सुरुवात श्वासापासून करू. चार्टवर श्वासाचा रकाना दिसला की २० लिहा. बेड एकला २०, बेड सहाला २०, न्यूमोनियाच्या आजोबांना २०, काल अपेंडिक्स काढलेल्या पोरालाही २०. आकडा गोल आहे, कुणी हरकत घेत नाही. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजणं हे रिकामटेकड्यांचं काम. अगदीच मनाला लागलं तर मॉनिटरवरचा आकडा उतरवा. तो छातीवर लावलेल्या ईसीजीच्या इलेक्ट्रोडवरूनच काढलेला असतो. पेशंट खोकला, कुशीवर वळला, तरी मशीन त्यात श्वास शोधतं.

मोजायचं टाळण्याचं खरं कारण वेगळं आहे. मोजलं तर कळतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली इशारा-गुणांचा एक तक्ता काढला आणि २०१७ साली तो सुधारला. त्यात मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ ला दोन, २५ पासून पुढे थेट तीन. सगळ्या रकान्यांची बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ झाली की धावपळच. म्हणजे २० हा शून्य गुणांचा शेवटचा आकडा. त्याच्या पुढे एक पाऊल टाकलं की काम वाढतं. रक्तात आम्ल साचू लागलं, जंतुसंसर्ग अंगभर पसरू लागला (सेप्सिस), फुप्फुसात पाणी भरू लागलं, की बऱ्याचदा सगळ्यांत आधी श्वासच वाढतो. बीपी शेवटी पडतं, कारण शरीर रक्तवाहिन्या आवळून ते धरून ठेवतं. गंगावेशीतल्या तालमीत घाम गाळलेल्या गड्याचं बीपी तर अगदी कडेलोटापर्यंत ११०/७० दाखवेल. तेवढा वेळ तुम्ही निवांत. ‘बीपी चांगलं आहे’ या वाक्यावर कितीतरी रात्री सुखाने निघाल्या आहेत.

बीपीवरून आठवलं. धमनीत लाईन टाकलेल्या पेशंटचं बीपी औषधाविना वाढवायची युक्ती आहे. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला, म्हणजे चौथ्या-पाचव्या बरगडीमधल्या फटीसमोर, छातीच्या कडेच्या मधोमध असावा लागतो. तो स्टँडवर तसाच ठेवून पलंग वर घ्या. दर १० सेंटिमीटरला साधारण साडेसात मिलिमीटर पारा फुकट मिळतो. १५ सेंटिमीटर पलंग उचलला की खरा ५६ असलेला सरासरी दाब पडद्यावर ६७ दिसतो. ६५ च्या वर गेला म्हणून राउंडला सगळे खूष, आणि बीपी वर धरून ठेवणारं नॉरॲड्रिनलिन कमीही केलं जातं. मग मूत्रपिंडं बसली तर ती मूत्रपिंडांची चूक.

आता गजर. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप असे तिघे मिळून दिवसभर कोकलतात. बंद करायचं बटण बहुतेक मॉनिटरवर एक-दोन मिनिटं पुरतं, म्हणून येता-जाता दाबत राहा. त्याहून सोपं म्हणजे सॅच्युरेशनची, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची, खालची मर्यादा ९० वरून ७० वर नेऊन ठेवा. रोज आंघोळीच्या वेळी कातडी पुसून, केस कापून नवे इलेक्ट्रोड लावायचा उद्योग मुळीच करू नका. जेल वाळलेलं असेल तर खोटे गजर भरपूर येतात आणि न उठण्याला कारण राहतं. इलेक्ट्रोड ताजे असले, मर्यादा त्या त्या पेशंटला बघून लावलेल्या असल्या, की वाजेल तो गजर खरा निघतो. मग उठावं लागतं.

व्हेंटिलेटरवर दाब वाढल्याचा गजर वाजला तर त्याचीही मर्यादा वाढवून द्या. उगाच पेशंटकडे जायचं, मशीन काढून अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास द्यायचा, हाताला सहज जातोय की अडतोय ते बघायचं, कशाला? सहज गेला तर दोष मशीनमध्ये किंवा पाइपमध्ये, तिथे बऱ्याचदा पाणी साचलेलं असतं. अडला तर दोष ट्यूबमध्ये किंवा छातीत, हे हाताला अर्ध्या मिनिटात समजतं. सकाळी ओठाशी २२ वर असलेली ट्यूब कूस बदलताना २६ वर सरकली की ती उजव्या फुप्फुसात शिरते आणि डावी छाती मुकी होते. स्टेथोस्कोप लावला की कळतं. म्हणून तो गळ्यातच छान दिसतो.

औषधांच्या बाबतीत मात्र कल्पकतेला भरपूर वाव आहे. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल ४० युनिटचीही मिळते आणि १०० युनिटचीही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० चं केशरी. ड्रॉवरमध्ये त्या एकत्र ठेवा. १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज अशी जोडी जमली की १० च्या रेघेपर्यंत ओढलेल्या औषधात २५ युनिट येतात. साखर उतरली की घाम, मग झटके. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच. पाच मिलिच्याच व्हायलमध्ये एका मिलिला १००० युनिटचं येतं आणि ५००० चंही. खरेदी विभागाने या महिन्यात दुसरं स्वस्तात घेतलं असेल तर लेबल वाचण्यात गंमत ती काय?

पोटॅशियमला मान द्यावाच लागतो. १० मिलिच्या ॲम्प्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट. ते थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्युलशेजारी त्याची जागा राखून ठेवण्याची पद्धत आहे. यापेक्षा सूक्ष्म कला म्हणजे टांगलेल्या सलाईनमध्ये खालच्या तोंडातून ते टोचणं आणि पिशवी न हलवणं. तांबड्या रश्श्याची तर्री वर तरंगते, पोटॅशियम मात्र जड, ते तळाशी बसतं. वर नुसतं सलाईन, खाली घट्ट पोटॅशियम, आणि पेशंटला पहिल्यांदा जातं ते खालचंच. पिशवी उतरवून दहा वेळा उलटीपालटी केली तर हे टळतं, पण दहापर्यंत मोजायला कुणाला वेळ आहे! साध्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या पुढे नको, २० द्यायचे तर सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) आणि मॉनिटर हवा, असलं पुस्तकी ज्ञान इंटरव्ह्यूपुरतं ठेवा.

नॉरॲड्रिनलिनची सिरिंज संपल्याचा गजर वाजल्यावरच नवी भरायला घ्या. या औषधाचा असर दोन-तीन मिनिटांत ओसरतो आणि सिरिंज भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, हा योगायोग समजा. नवी सिरिंज दुसऱ्या पंपावर आधीच चढवून, नळीच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत चालवून मगच जोडावी, असं जुन्या सिस्टर सांगतात. नव्या सिरिंजचा दट्ट्या आणि पंपाचा दांडा यांच्यात पोकळी राहते. तासाला दोन मिलि वेग असेल तर ती भरून निघेपर्यंत पेशंटला काहीच पोचत नाही. त्या जुन्या म्हणून त्यांना असली खोड. आणि हो, अँटिबायोटिक त्याच नळीतून जोरात ढकलायला विसरू नका. नळीत थांबलेलं नॉरॲड्रिनलिन एकदम आत गेलं की बीपी २२० वर. कमी बीपीची तक्रार मिटली.

मध्यरात्री पेशंट उठून बसायला लागला, नळ्या ओढायला लागला, तर बघायचं काय त्यात? दंगा करतोय. झोपवणारं मिडॅझोलॅम द्या आणि हात बांधा. बांधताना पट्टी कठड्याला बांधा, पलंगाच्या चौकटीला नको. कुणी कठडा खाली केला की खांदाही खाली येतो. पट्टीखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायची भानगड नको. झोपवण्याआधी सॅच्युरेशन बघणं, बोटाला टोचून साखर बघणं, चादर उचलून लघवीची नळी पेशंटच्याच मांडीखाली दबली आहे का ते बघणं, असली चौकशी करत बसलात तर तुमच्या लक्षात येईल की निम्मे दंगेखोर ऑक्सिजनला किंवा लघवीला तडफडत असतात. बाहेरच्या बाकड्यावरची आई सांगते, ‘आमचा पोरगा असा वागत न्हाई ओ, कायतरी झालंय त्येला.’ तिला ‘मावशी, बाहेर थांबा’ म्हणा. पंचवीस वर्षं त्या पोराला बघितलेलं माणूस आपल्या नोंदीत कुठे बसत नाही.

नातेवाइकांबरोबर बाळूमामांचा भंडारा आणि जोतिबाचा गुलाल येणारच. इथे दोन मार्ग आहेत. पुडी हातातून हिसकावून कचऱ्यात टाका आणि बाहेर भांडण लावून द्या. नाही तर सरळ सेंट्रल लाईनच्या ड्रेसिंगवर उधळू द्या. पुडी बंदच ठेवून उशाशी टेकवणं आणि आजीला दुरून हात जोडायला लावणं हा तिसरा मार्ग काही सिस्टरना जमतो. तो कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेला नाही, सबब अवैध.

एवढं करूनही कधी डॉक्टरांना फोन लावायची वेळ आलीच, तर असा लावा.

‘सर, झोपला होता काय? सॉरी हं. बेड चारचा पेशंट जरा बरोबर वाटत नाही.’

‘बीपी?’

‘११०/७०, सर.’

‘मग सकाळी बघूया की.’

झालं. ‘रात्री २.१० ला सरांना कळवले’ असं लिहा आणि हात झटका. चुकूनही पुढच्यासारखं बोलू नका: ‘सर, बेड चार, ६० किलो, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास दोन तासांत २२ वरून ३० वर गेलाय. लघवी तासाला १५ मिलि, ३० तरी पाहिजे. हातपाय गार आहेत. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोवर लॅक्टेट आणि कल्चर पाठवू का?’ असं बोललं की समोरचा माणूस उठून बसतो, आणि तुमच्याबद्दल दुसऱ्या दिवशी मेट्रनकडे तक्रार जाते की ही सिस्टर निदान करायला लागली. ‘मला वाटतं’ हे शब्द नर्सच्या गणवेशाला शोभत नाहीत. फोनवर सांगितलेला डोस उलट वाचून दाखवू नका. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत फरक तो काय, एका अक्षराचा.

पुढच्या पाळीला ओव्हर देताना बेडपाशी जाऊ नका, काउंटरवर उभं राहून ‘बेड चार सेम, बेड पाच सेम’ म्हणत पर्स उचला. सीटी स्कॅनला नेताना ऑक्सिजन सिलिंडरचा काटा लिफ्टमध्ये बघा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना १५०० लिटर असतात. काटा पावावर असेल आणि मिनिटाला १० लिटर चालू असेल तर ३७ मिनिटं. रिकामा झाला तर दुसरा लावता येतो, फक्त त्याची चावी वॉर्डातल्या मामांच्या खिशात असते आणि मामा चहाला गेलेले असतात.

व्यवस्थापनाने यातलं काही मनावर घेऊ नये. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी, असं मान्यतेच्या निकषांत आहे. तपासणीच्या दिवशी तसंच असतं. बाकीच्या दिवशी एकीकडे दोन व्हेंटिलेटर आणि एक साधा बेड, शिवाय फार्मसीचे इंडेंट, बिलिंगच्या एंट्री. तिघांचे श्वास तासातासाला पूर्ण मिनिट मोजायचे, तिघांना दोन तासांनी कुशीवर वळवायचं आणि तिघांचे चार्टही भरायचे, तर तीनपैकी एक गोष्ट सुटणार. कोणती सुटल्यावर मेमो मिळतो, हे पोरींना बरोबर कळतं. चूक झालीच तर फॉर्म तयार आहे. त्यात ‘जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव’ याला पूर्ण ओळ, ‘कारण’ याला अर्धी.

राहता राहिली पहाट. सहाचे आकडे साडेचारलाच लिहून टाका, सगळ्यांच्या रात्रपाळीत हीच वेळ सोयीची. श्वास २०, सॅच्युरेशन ९८, पेशंट शांत झोपलेला. एकच पंचाईत होऊ शकते. पेशंट पावणेसहाला गेला, तर सहाला त्याचा श्वास २० भरलेला दिसतो. अशा वेळी घाबरू नका आणि व्हाइटनर लावू नका, ऑडिटला चालत नाही. नोंदीवर एकच सरळ रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि वेळ.