पावसाळा हाच गोव्यातल्या फोटोग्राफीचा हंगाम

मृग नक्षत्र लागले की आपल्याकडे छत्र्या बाहेर येतात आणि कॅमेरे कपाटात जातात. थेट चवथीला, म्हणजे घरच्या गणपतीचा फोटो काढायची वेळ आली की मग बॅग उघडली जाते, आणि तोवर लेन्सवर बुरशी चढलेली असते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. गोव्यात फोटोग्राफीच्या छंदाला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसारखा काळ दुसरा नाही, आणि डिसेंबरमधल्या किनाऱ्यावरच्या सूर्यास्ताला आपण जेवढा मान देतो तेवढ्याला तो पात्र नाही. तो सूर्यास्त पर्यटकांनी इतक्या वेळा टिपला आहे की त्यात आपण नव्याने घालण्यासारखे फारसे उरलेले नाही. पावसाळ्यातला गोवा मात्र मुख्यतः येथे राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो.

पहिले कारण प्रकाशाचे. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर आपल्याकडे जे ऊन पडते त्यात चेहऱ्यांवर डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात आणि चुन्याच्या भिंती पांढऱ्याफटक होऊन जातात. ढग भरून आले की संपूर्ण आकाशच प्रकाशाचा स्रोत होते, सावल्या मवाळ होतात आणि चिऱ्याचा तांबडा, शेवाळाचा हिरवा, कौलांचा काळपट लाल हे सगळे रंग दिवसभर आपापल्या जागी राहतात. स्टुडिओत ज्या मऊ प्रकाशासाठी मोठाल्या पांढऱ्या छत्र्या लावाव्या लागतात, तो आपल्याला दुपारी बारा वाजतासुद्धा फुकट मिळतो. पणजीतल्या मळा आणि फोंतेन्हास भागातील निळ्या-पिवळ्या भिंती मी उन्हातही पाहिल्या आहेत आणि पावसातही. भिजल्यावर त्यांच्यावर जो गडदपणा येतो त्याच्यापुढे उन्हातला रंग फिका वाटतो.

मात्र एक अडचण आहे. ओल्या पानांवर आणि ओल्या भिंतींवर आकाशाची पांढरी चकाकी उमटते आणि फोटोतला हिरवा रंग धुतल्यासारखा दिसतो. अनेकजण त्यावर उपाय म्हणून नंतर ॲपमध्ये रंग भडक करतात आणि भाताचे शेत पोपटाच्या पिसासारखे करून टाकतात. खरा उपाय पोलरायझर नावाच्या फिल्टरचा आहे. लेन्सच्या पुढे तो बसवून हळूहळू फिरवला की एका कोनात पानांवरची चकाकी विरते आणि खालचा मूळ रंग वर येतो. त्याच्या बदल्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणून शटर थोडे मंद, म्हणजे जास्त वेळ उघडे, किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, थोडी जास्त ठेवावी लागते. धातूवरच्या चकाकीवर त्याचा काही उपयोग होत नाही, पण आपल्याला पत्र्याचे फोटो काढायचे नसतात. संगणकावर बसून बाकी पुष्कळ काही सुधारता येते. ओल्या पानाच्या चकाकीखाली गेलेला रंग मात्र नंतर परत आणता येत नाही, म्हणून पावसाळ्यात माझ्या मते हाच एक फिल्टर जवळ असणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष पावसाच्या धारांची. मुसळधार पाऊस चालू असताना फोटो काढावा आणि फोटोत पाऊसच नसावा, हा अनुभव बहुतेकांना येतो. पाऊस दिसायचा असेल तर त्याच्या मागे काळोखी हवी: माडांची किंवा आंब्यांची दाट राई, देवळाच्या सभामंडपाचा अंधारा भाग, उघड्या दाराच्या आतला काळोख. आकाशाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर थेंब हरवून जातात. शटरचा वेग सेकंदाच्या साठाव्या ते सव्वाशेव्या भागाच्या आसपास ठेवला तर धारांच्या रेघा उमटतात; हजाराव्या भागावर नेला तर थेंब हवेत थिजतात आणि तो पाऊस आहे की कचरा हे कळेनासे होते. ढगाळ दिवशी कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवरही पूर्ण विसंबू नये. समोरचे सगळे दृश्य मध्यम राखाडी असावे असे गृहीत धरून तो हिशेब करतो, त्यामुळे भिजून काळा झालेला चिरा किंवा गर्द झाडी समोर आली की तो फोटो उगाच उजळ करतो आणि पावसाळी अंधाराची सगळी मौज जाते. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, किंचित खाली आणावे. मोबाईलवर हे करायला कसलीही विद्या लागत नाही. पडद्यावर बोट टेकवल्यावर जे सूर्याचे चिन्ह दिसते ते खाली ओढले की झाले.

आता मोबाईलविषयी. तो वापरू नये असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण पावसात खिशातून चटकन निघते ती तीच वस्तू. पण आजचे फोन एका क्लिकमध्ये अनेक चित्रे घेतात आणि ती एकमेकांत मिसळून एक फोटो बनवतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. प्रत्येक चित्रात थेंब वेगळ्या जागी असल्यामुळे फोन त्याला बऱ्याचदा बिघाड समजून पुसून टाकतो, आणि सावलीचा भाग उजळून देतो तो वेगळाच. ज्यांच्या फोनमध्ये रॉ किंवा प्रो मोड (ज्यात फोन स्वतःहून कमी ढवळाढवळ करतो) आहे त्यांनी पावसात तोच वापरावा. पडद्यावर थेंब पडले की स्पर्श भलतीकडेच नोंदला जातो, म्हणून क्लिक करण्यासाठी बाजूचे आवाजाचे बटण बरे. आयपी ६८ असा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिला असला म्हणून फोन समुद्रात बुचकळण्याचा परवाना मिळत नाही. ती चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि आपल्याकडच्या लाटांच्या तुषारांत मीठ असते. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा उपाय अजूनही घरोघरी चालतो, पण तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात असे खुद्द ॲपलनेच सांगितले आहे. तो पुसावा, सॉकेट खाली करून हलकेच झटकावा, पंख्याखाली ठेवावा, आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्जिंगला लावू नये.

आणि यासाठी जायचे कोठे? येथे आपल्या लोकांशी माझा मतभेद आहे. पावसाळ्यातली रविवारची सहल म्हणजे धबधबा, हे समीकरण आपण करून ठेवले आहे. २०२३ च्या जुलैमध्ये नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वन खात्याला अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घालावी लागली. त्याच महिन्यात रुळांवरून दूधसागरकडे निघालेल्या लोकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर फिरली. उठाबशा काढायला लावणे मला पटत नाही, पण त्या रुळांवरून चालणे त्याहूनही पटत नाही. शिवाय, फोटोच्या दृष्टीने पाहिले तर ३१० मीटर उंचीचा दूधसागर ऐन पावसात अनेकदा धुक्यात गुडूप असतो, आणि पायथ्याशी पोचलेल्या माणसाच्या लेन्सवर तुषारांखेरीज काही येत नाही.

त्यापेक्षा फेरीबोटीच्या टप्प्यात पाहावे. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरी पकडली की पहिल्या दहा मिनिटांतच फोटो सुरू होतात: रेनकोटातली माणसे, ओल्या लोखंडी फळीवरच्या दुचाकींच्या रांगा, पलीकडच्या काठावर पुसट होत गेलेली खारफुटी. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे आहे. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात, पण खारफुटीची हिरवी काळोखी पाहावी ती पावसातच. दिवाडीवर खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचे, बांध आहेत आणि भरती-ओहोटीच्या पाण्याला आवर घालणाऱ्या मानशी आहेत. या मानशींच्या दारांतून पाणी कसे आत-बाहेर होते ते पाहायला एक सकाळ खुशाल द्यावी, मात्र बांधावरून चालताना पाय जपून टाकावा, कारण ती चिखलमाती आहे आणि बांध कोणाच्या तरी शेताची राखण करत असतो.

उत्सवांचीही या दिवसांत कमी नाही. २४ जूनला सांजांव, म्हणजे संत जॉनचा सण, येतो, डोक्यावर फुला-पानांचे कोपेल घालून माणसे विहिरींत उड्या घेतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. चिखलकाल्याचे चांगले फोटो लांबच्या लेन्सने कडेला उभे राहून मिळतात असे पुष्कळांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. चिखलात जाऊन, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून, खेळणाऱ्यांच्या कमरेच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत जो जोर असतो तो दुरून येत नाही. तुम्ही स्वतः चिखलाने माखलेले असलात की समोरचा तुम्हाला परका समजत नाही.

परकेपणाचा हाच प्रश्न शेतात येतो. लावणी करणाऱ्या बायकांच्या वाकलेल्या पाठींचे फोटो दर जुलैत शेकड्यांनी दिसतात, आणि त्यांपैकी किती जणींना कोणी विचारले असेल याची मला शंका आहे. गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्या बाईला बांधावरून हाक मारून, ‘मावशी, फोटो काढू का?’ एवढे विचारायला वेळ लागत नाही. ती नको म्हणाली तर विषय संपला. एका गृहस्थांनी घरून जुने इरले, म्हणजे पानांचे पावसाळी आच्छादन, आणून ते शेतातल्या बाईला घालायला लावल्याचे मी पाहिले आहे. तिचा प्लास्टिकचा रेनकोट त्यांना फोटोत नको होता. माझ्या दृष्टीने तो निळा रेनकोट हाच त्या वर्षाचा खरा दस्तऐवज होता, आणि इरल्याचा फोटो हे नाटक होते.

रात्री बेडकांचे फोटो काढायला जाणाऱ्यांनाही थोडे सांगायचे आहे. पहिल्या पावसानंतर मोले-सत्तरीच्या बाजूला टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांची संख्या वाढली आहे. बेडूक उचलून सोयीच्या पानावर बसवणे, त्याच्या डोळ्यांत सतत उजेड धरणे, फांदीवर पाण्यालगत घातलेली फेसाची घरटी हलवणे, यातून मिळालेल्या फोटोचे कौतुक मी तरी करणार नाही. आपल्याकडे बेडूक पकडून खाण्याची जुनी खोड आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा ठरवली आहे. म्हणून फोटो टाकताना नेमके ओहोळाचे नाव लिहिणे टाळलेले बरे. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, फुलांबाबतही मी हेच पाळतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिऱ्याच्या सड्यांवर सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू फुलतात, ती जेमतेम बोटभर उंचीची असतात, आणि फोटोसाठी पालथे पडणाऱ्या माणसाच्या कोपराखाली किती चिरडली गेली हे फोटोत कधीच दिसत नाही.

चवथीत माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिले जाते ते माटोळीकडे, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले टांगलेल्या चौकटीकडे. गणपतीच्या मूर्तीचे फोटो घरातले प्रत्येक माणूस काढते, पण डोक्यावर टांगलेल्या कांगल्या, माट्ट्या, कवंडळे, सुपारीची शिपटी आणि आंबाडे यांची नोंद कोणी ठेवत नाही. रानातली यातली कितीतरी फळे ओळखणारी माणसे आता घरोघरी एखादीच उरली आहेत. माटोळीचा फोटो अवघड असतो, कारण ती वर अंधारात असते आणि खाली मखराचे दिवे झगमगत असतात. फ्लॅश मारला की फळे प्लास्टिकची दिसतात. मखराचे दिवे घटकाभर बंद करावेत, खिडक्या उघडाव्यात, कॅमेरा स्टुलावर टेकवून मंद शटरने फोटो घ्यावा, आणि त्याच वेळी घरातल्या आजीला एकेका फळाचे नाव विचारून वहीत लिहून घ्यावे. असे दरवर्षी केले तर घरातच एक बहुमोल संग्रह तयार होईल.

राहिला प्रश्न बुरशीचा, ज्याच्या भीतीने हे सगळे अडते. हवेत ओलावा साठ-सत्तर टक्क्यांवर गेला आणि लेन्स अंधारात पडून राहिली की काचेवर बुरशीचे धागे धरतात, आणि आपल्या घरांत पावसाळाभर ओलावा याच्या वरच असतो. म्हणजे कपाट हीच लेन्ससाठी सगळ्यात वाईट जागा आहे, आणि चामड्याची बॅग त्याहून वाईट. हवाबंद झाकणाचा साधा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा दाखवणारे एक छोटे मीटर, एवढ्यावर काम भागते. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहावा. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा वापरता येतात. एसी मोटारीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, तेव्हा तो बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेला सरावू द्यावा.

ज्यांना यंदा खर्च करायचाच आहे त्यांनी नव्या फोनच्या आधी हा डबा घ्यावा, मग पोलरायझर, आणि मग वाटले तर जुन्या बाजारातली एखादी ५० मिलिमीटरची लेन्स. जुनी लेन्स घेताना तिच्या मागून मोबाईलचा टॉर्च धरून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर विक्रेता कितीही स्वस्तात देत असला तरी ती परत करावी, कारण ती बुरशी आपल्या डब्यातल्या बाकीच्या काचांवरही चढू शकते.