वेटिंग ४१, टाकी फुल

पुण्यापासून अकराशे किलोमीटरवर आमच्या कुणाचं लग्न ठरू नये, एवढीच माझी देवाजवळ प्रार्थना असते. लग्न गावातच असलं की घरात आहेरावरून वाद होतात. लांब असलं की जायचं कसं यावरून होतात, आणि आहेरावरून होतातच. त्यातून ग्वाल्हेर असं नेमक्या अंतरावर आहे की गाडी काढावी तर लोक वेड्यात काढतात आणि रेल्वेने जावं तर तिकीट मिळत नाही. विमानाचा विषय सासऱ्यांनी "पाच माणसांचं?" एवढं विचारून कायमचा मिटवला.

माझी मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरच्या एका जुन्या मराठी घरात गेली आणि तिकडचीच झाली. तिच्या नातीचं लग्न डिसेंबरात निघालं. "तुम्ही लोक बिलकुल टेन्शन नका घेऊ, सगळं इंतजाम आहे, फक्त येऊन जा," असा तिचा फोन आला, तेव्हा मुहूर्ताला सव्वा महिना उरला होता. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. म्हणजे ती बातमी आमच्यापर्यंत येईस्तोवर झेलम एक्स्प्रेस भरूनही गेली होती.

सासऱ्यांना याचा फार राग आला. ते आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होते, पण मनाने रेल्वेतच नोकरीला होते. "आधी आरक्षणाची तारीख बघायची, मग पंचांग उघडायचं. लोक उलटं करतात," ते म्हणाले. २०२४च्या नोव्हेंबरात १२० दिवसांचे ६० केले, तेव्हापासून त्यांचा भविष्यावरचा विश्वासच उडाला आहे. मार्च २०२० पासून ज्येष्ठांची सवलत बंद आहे, हे तर ते पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवतात. तरीही रेल्वेविरुद्ध दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

गाडीच्या बाजूने माझा नवरा. त्याने फास्टॅगचा वार्षिक पास काढला होता. तीन हजार रुपये, वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, राष्ट्रीय महामार्गावर जे आधी होईल ते. पास काढल्यापासून त्याला घरात चैन पडेना. भाजी आणायला टोलनाका लागत नाही याचंसुद्धा त्याला वाईट वाटायचं. ग्वाल्हेरचं नाव निघताच त्याने वाटेतले टोल मोजले आणि त्याचा चेहरा उजळला.

खर्चावर निकाल लागेल, अशी माझी भाबडी समजूत होती. नवऱ्याने एक्सेल उघडलं. लिटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज धरून जाताना पंच्याहत्तर लिटर पेट्रोल, म्हणजे शंभरीच्या वरच्या भावाने साडेसात-आठ हजार. दुसऱ्या रकान्यात थर्ड एसीची पाच तिकिटं मांडली, तर आकडा जवळपास तोच. मग त्याने इंदूरचं हॉटेल 'सहल' या सदरात टाकलं, सासऱ्यांनी ते 'प्रवास' या सदरात ओढलं, आणि एक्सेल बंद झालं.

सासूबाईंचा प्रश्न दोघांपेक्षा खरा होता. "वाटेत जायचं कुठे?" त्यांनी विचारलं. गुडघे दुखत असताना हमरस्त्यावरच्या बाईला हा प्रश्न पहिला पडतो, आणि रस्त्याच्या नकाशावर त्याचं उत्तर नसतं. रेल्वेत निदान डब्याच्या दोन्ही टोकांना सोय असते. ती कशी असते हे बोलायचं नाही, पण असते. माझा मुलगा म्हणाला, जिथे चार्जिंग मिळेल तिकडे मी.

उरले मी. माझ्या मते दोन्हींत फरक एवढाच, की रेल्वेत अनोळखी माणसं छळतात आणि गाडीत ओळखीची. रेल्वेतला माणूस "जरा अ‍ॅडजस्ट करता का" म्हणून तुमच्या खालच्या बर्थवर येऊन बसतो, तुमचा पगार विचारतो, स्वतःच्या साडूचा खटला सांगतो आणि इटारसीला उतरून जातो. गाडीतला माणूस मुक्कामालाही तुमच्याच घरी येतो. त्यामुळे माझं मत रेल्वेकडे झुकत होतं, पण ते मला कुणी विचारलं नाही.

शेवटी सासऱ्यांनी कुणालाच न विचारता पाच तिकिटं काढली. वेटिंग ४१ ते ४५. एका अ‍ॅपने सांगितलं, कन्फर्म होण्याची शक्यता ५८ टक्के. "म्हणजे फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतरचा महिना आमच्या घराने पीएनआरवर काढला. सकाळी अंघोळ, देवपूजा आणि वेटिंग, असा सासऱ्यांचा क्रम. आकडा ४१ वरून ३३ वर आला तेव्हा त्यांनी पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले. मग तो तिथेच अडून बसला. "लोक तिकीट रद्द का करत नाहीत?" ते अस्वस्थ होऊन म्हणायचे. एकाही घरात कुणी आजारी पडू नये, कुणाची रजा नामंजूर होऊ नये, एकही सोयरीक मोडू नये, हे त्यांना समाज म्हणून खटकत होतं. तत्काळचा पर्यायही होता. पण तो आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतो, त्याला आता आधार जोडलेलं खातं लागतं, आणि सासऱ्यांच्या आधारवरचा मोबाइल नंबर त्यांनी आठ वर्षांपूर्वीच सोडून दिलेला.

इकडे नवरा संध्याकाळी घाटांचे व्हिडिओ बघत बसे. बिजासन घाट, खलघाटचा नर्मदेवरचा पूल, मग इंदूर, गुना, शिवपुरी. त्याचा बेत पहाटे चारला निघायचा होता. मराठी पुरुषाला चारचाकी मिळाली की त्याला पहाटे चारला निघायचं असतं. घरात दूध साडेसहाला येतं, याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. सोसायटीतले सल्लागारही जमले. चाकणवरून जावं की नगरवरून, यावर पार्किंगमध्ये दोन सभा झाल्या. "चाकणमधून गेलात तर लग्नाऐवजी बारशाला पोचाल," असं तळमजल्यावरच्या काकांनी बजावल्यावर नगरचा मार्ग मंजूर झाला.

पण चारला निघणार कसं? झेलम पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि चार्ट तेव्हा आठ तास आधी लागायचा. तो सकाळी लागेपर्यंत आपण रेल्वेचे प्रवासी आहोत की रस्त्याचे, हेच ठरत नव्हतं. टाकी फुल करून ठेवलेली. बॅगा दाराशी. सामान असं भरायचं, की डिकीतही चेपून बसेल आणि बर्थखाली साखळीनेही बांधता येईल. सासूबाईंनी दोन स्वयंपाक केले: रेल्वेसाठी धपाटे, दही आणि ठेचा, पसरून बसून खायला, गाडीसाठी बटाट्याची सुकी भाजी भरलेल्या पोळीच्या गुंडाळ्या, चालवणाऱ्याला एका हाताने खाता येतील अशा.

चार्ट लागला. तिघांचं कन्फर्म, दोघं वेटिंगवरच. आणि ती तीन कशी? सासूबाईंना अप्पर, सासऱ्यांना साइड अप्पर, आणि चौदा वर्षांच्या, झाडावरून उड्या मारणाऱ्या माझ्या मुलाला लोअर. सासऱ्यांचा उर तरीही भरून आला. "बघ, रेल्वे घरातल्या कुणालाच नाराज करत नाही," असं म्हणत त्यांनी धपाट्यांचा डबा ताब्यात घेतला. मी आणि नवरा रस्त्याला लागलो तेव्हा दहा वाजले होते. 'पहाटे चार'बद्दल मी नगर येईपर्यंत काही बोलले नाही.

नगरच्या पुढे मनमाडपर्यंतच्या रस्त्याबद्दलही फार बोलता येत नाही, कारण बोललं की जीभ चावली जाते. चाकण चुकवल्याचा आनंद पहिल्या खड्ड्यात गेला. नवरा मात्र नव्या गाडीचं सस्पेन्शन किती चांगलं आहे ते प्रत्येक खड्ड्यानंतर सांगत होता, म्हणजे तो सतत बोलत होता.

मालेगावच्या पुढे एका पंपावर मी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला उतरले. स्वच्छतागृहाला कुलूप. चावी ऑफिसात. ऑफिसातला मुलगा म्हणाला, चावी मॅनेजरसाहेबांकडे, आणि साहेब जेवायला गेलेत. मी तिथेच उभी राहिले. माझ्या उभं राहण्यात काहीतरी दिसलं असावं. त्याने ड्रॉवरमधून दुसरी चावी काढली. कुणी पळवू नये म्हणून ती वीतभर लांबीच्या गंजक्या पान्याला तारेने बांधली होती. तो पाना हातात घेऊन मी ट्रकच्या रांगेतून चालत गेले तेव्हा दोन ड्रायव्हर अदबीने बाजूला झाले. आतमध्ये पाणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. "गाडी वेळेवर सुटली हो," सासरे म्हणाले. मागून "चाय, गरम चाय" ऐकू येत होतं. "आई बाथरूमला जाऊन पण आली."

तिथून पुढे त्यांनी पुणे-ग्वाल्हेर मार्गाचं धावतं वर्णन सुरू केलं. दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला कसं लावायचे, हे मला धुळ्याच्या बायपासवर कळलं. बिजासनच्या घाटात रात्र झाली. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि माझा बोलका नवरा दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून गप्प. पोळीची गुंडाळी मी त्याच्या तोंडापुढे धरून बसले होते. ज्या नर्मदेचे त्याने महिनाभर व्हिडिओ पाहिले, ती खलघाटला आली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. "खाली नर्मदा आहे," तो म्हणाला. मी विश्वास ठेवला.

इंदूरला पोचून अंथरुणाला पाठ टेकली आणि रात्री एकला फोन. "भुसावळ आलं. केळी घेऊ का?"

सकाळी पोहे-जिलबी न खाता इंदूर सोडणं शक्य नव्हतं, आणि एका प्लेटवर थांबणं तर त्याहून नाही. आम्ही अजून जिलबीवरच होतो तेव्हा मुलाचा व्हिडिओ आला. इटारसी सोडून भोपाळकडे जाताना झेलमही नर्मदा ओलांडते, पण कोवळ्या उन्हात. सासूबाई खिडकीला हात जोडून बसलेल्या, म्हणजे लोअर बर्थ त्यांनी केव्हाच बळकावला होता. शेजारची बाई त्यांना कसल्या तरी वड्या देत होती. आमच्या समोर नकाशावर चारशे ऐंशी किलोमीटर शिल्लक होते.

मग सासरे-जावई असती तशी शर्यत लागली, फक्त हे बापलेक होते. शिवपुरीला नवऱ्याने चहा नाकारला. "दतिया," सासऱ्यांचा मेसेज. पाच मिनिटांनी, "लूपला टाकली. राजधानीला वाट देतायत." नवऱ्याने शीळ घातली. ग्वाल्हेर शहरात शिरलो आणि समोर वरात आडवी आली. तिकडे डिसेंबरच्या संध्याकाळी वरात आडवी येणं हाच रहदारीचा नियम आहे. डोक्यावर दिवे घेतलेली माणसं, घोडीवर घामेजलेला नवरदेव, आणि आमच्या पुढे दोन गाड्या सोडून एका ऑटोतून बाहेर डोकावून आम्हाला हात करणारे सासरे.

दोन गाड्यांनी रेल्वे जिंकली, हे त्यांनी लग्नात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. अक्षता टाकतानाही ते कुणाला तरी लूप लाइन समजावत होते. बहुतेकांनी एकच विचारलं, "फ्लाइट नाही घेतली?"

परतीची पाचही तिकिटं कन्फर्म होती, पण उत्तरेत धुकं पडलेलं, आणि जम्मूकडून येणारी झेलम सहा तास उशिरा. नवऱ्याला परमानंद झाला. रेल्वे पक्षातले एकेक जण गाडीकडे बघायला लागले. सासऱ्यांना तर अचानक खलघाटचा पूल दिवसा बघायचा होता. निर्णय फिरणार, इतक्यात मावशीने सामान बाहेर आणलं. मुरैन्याच्या गजकचे डबे, दोन रजया, चंदेरी साड्यांचं बोचकं, तांब्याचा हंडा, आणि लाडवांचे पत्र्याचे दोन मोठे डबे, "तुमच्या बिल्डिंगवाल्यांना." डिकी भरली. मग मागची सीट भरली. हंड्याला बेल्ट लावून पुढच्या सीटवर बसवला.

"म्हणजे मी एकटा?" नवरा म्हणाला.

"एकटा कसा?" सासरे बर्थ नंबर तपासत म्हणाले. "पास आहे की."