पायीच चढायचा असतो म्हणे

गडांवर रोपवे व्हावेत की नकोत, हा वाद परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन थडकला. माझा पुण्याचा आतेभाऊ रविवार उजाडला की सह्याद्रीत पळतो. त्याने लिहिलं, ‘गड पायीच चढायचा असतो. ज्याला जमत नाही त्याने खालूनच मुजरा करावा.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. त्याच ग्रुपवर माझी आई आहे आणि ती व्हीलचेअरवर असते, हे अंगठेवाल्यांपैकी एकालाही आठवलं नाही.

माझं डोकं फिरायला आणखी एक कारण होतं. आई सध्या माझ्याकडे लंडनला आली आहे आणि नुकताच तिला यॉर्कला फिरवून आणलं होतं. यॉर्क म्हणजे रोमनांनी वसवलेलं, मध्ययुगीन तटबंदीतलं गाव. किंग्ज क्रॉसवरून दोन तास. फलाटावर रॅम्प घेऊन माणूस उभा, आई डब्यात, चहा हातात. मिन्स्टरमध्ये, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या जुन्या चर्चमध्ये, खुर्ची सरळ आत गेली, तळघरातले रोमन अवशेष बघायला लिफ्ट. पूर्वेची ती टेनिस कोर्टाएवढी काचेची खिडकी १४०८ सालची. आई तिच्यासमोरून हलेना. रेल्वे म्युझियम तर फुकट आणि सगळं सपाट. बाबांची हयात कल्याणच्या यार्डात गेली, त्यामुळे तिथलं ‘मॅलार्ड’ हे वाफेचं इंजिन १९३८ साली ताशी १२६ मैल धावलं हे मी वाचून दाखवल्यावर आईने विचारलं, ‘आणि ड्रायव्हरला ओव्हरटाइम मिळाला का?’

हे सगळं मी फोटोंसकट ग्रुपवर टाकलं. जे टाकलं नाही ते इथे सांगतो. मिन्स्टरच्या मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. तटावरून फिरणं खुर्चीवाल्याला अशक्य. क्लिफर्ड्स टॉवर या टेकाडावरच्या जुन्या बुरुजाची डागडुजी होऊन तो २०२२ साली नव्या लाकडी गच्चीसह उघडला, पण टेकाडाच्या ५५ पायऱ्या तशाच राहिल्या. शॅम्बल्स या जुन्या गल्लीत दगडांवरून खुर्ची ढकलताना आईची हाडं खिळखिळी झाली. परतीच्या गाडीला रॅम्पवाला आलाच नाही, शेवटी दोघा प्रवाशांनी हात दिला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे याच यॉर्कच्या कौन्सिलने नोव्हेंबर २०२१मध्ये ब्लू बॅजवाल्यांच्या, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंग परवाना असलेल्यांच्या, गाड्या भर गावात यायला कायमची बंदी घातली होती. कारण दिलं अतिरेकी हल्ल्यांचं. म्हणजे गाडीशिवाय ज्यांना चार पावलं जमत नाहीत, त्यांनी वेशीवरूनच मुजरा करायचा. आतेभावाला हे कळलं असतं तर त्याने मला सोडलं नसतं. पण अपंग मंडळी तिथे गप्प बसली नाहीत. मे २०२३मध्ये कौन्सिलची सत्ता बदलली आणि जानेवारी २०२४मध्ये वाट पुन्हा खुली झाली. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सुगमतेचे नियम नुसते ऐच्छिक ठेवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये सरकारला बजावलंय. यावर गावच्या निवडणुकीत कुणी मत मागितलेलं मी तरी ऐकलं नाही. अर्थात इतक्या लांबून मला किती ऐकू येणार, हाही प्रश्नच.

कातळ फोडू नका, वर हॉटेलं काढू नका म्हणा, मी पहिली सही करतो. पण ‘घाम गाळल्याशिवाय गड कळत नाही’ हे मला पटत नाही. वणीला सप्तशृंगीच्या गडावर २०१८पासून ट्रॉली आहे. ट्रॉलीने गेलेल्याचं दर्शन देवी नाकारते का? मग महाराजांनाच ही अट कुठून चिकटवली?

हे सगळं मी ग्रुपवर लिहायला घेतलं, तेवढ्यात आईनेच आतेभावाच्या मेसेजला अंगठा दिला.

‘आई, अगं तो तुलाच म्हणतोय!’

‘म्हणू दे. शाळेत असताना चढलेय मी रायगड, अनवाणी. पायीच चढावा. आणि तू कशाला एवढा तापतोस? तू तर महाडलासुद्धा दोन दिवसांच्या वर टिकत नाहीस.’

मी म्हटलं, मुद्दा तो नाही. ती म्हणाली, ‘बरं.’

मुद्दा थोडा तोही असावा. इथे बसून मी तिच्या हक्कांसाठी भांडतो तेव्हा त्या मातीवरचा माझाही हक्क अजून शाबूत आहे, हे मला कुणाकडून तरी वदवून घ्यायचं असतं. आतेभाऊ ते देणार नाही. आई देईल असं वाटलं होतं.

आणि रायगडाला रोपवे आहेच की, १९९६पासून. महाडच्या आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. आईला त्यात बसवून आजवर कुणी वर नेलेलं नाही. आतेभाऊ तत्त्वाचा माणूस, आणि माझी सुट्टी दरवर्षी दातांच्या डॉक्टरकडे, बँकेत आणि दादरच्या खरेदीत संपते.