कृष्णेला हात लावता आला पाहिजे

परवा संध्याकाळी लेकीला घेऊन घाटावर गेले होते. सातवीत आहे ती. सांगलीतच जन्मली, सांगलीतच वाढली. शेवटच्या पायरीवर घुटमळली आणि म्हणाली, "आई, ह्या पाण्याला हात लावला तर चालेल ना गं?"

मला पटकन उत्तरच देता आलं नाही. तिच्याएवढी असताना मी पाठीला डबा बांधून ह्याच नदीत पोहायला शिकले. बाबा छातीभर पाण्यात उभे असायचे. होड्यांच्या शर्यती असल्या की इकडचा काठ आणि पलीकडची सांगलवाडी, दोन्ही माणसांनी फुलून जायचं.

म्हणून नदीकाठच्या बागेचा विषय निघाला की मी जीव लावून ऐकते. आणि 'सुशोभीकरण' हा शब्द आला की पोटात गोळा येतो. सिमेंटची भिंत, रेलिंग, पेव्हिंग ब्लॉक आणि दिव्यांच्या माळा. म्हणजे नदी लांबून बघायची!

आपली नदी कशी आहे ते आपल्याला ठाऊक आहे. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या. आमच्या हॉलच्या भिंतीवर खांद्याइतक्या उंचीवर त्या पुराची रेघ आहे. रंग देताना आईने तेवढी पट्टी मुद्दाम सोडायला लावली.

अशा नदीकाठी बाग करायची तर ती बुडणार, हे धरूनच करायला हवी. खाली दगडी पायऱ्या, उन्हाळ्यात पाणी उतरेल तिथपर्यंत नेलेल्या. त्यावर मळीची, म्हणजे काठावरची गाळाची जमीन तशीच मोकळी ठेवायची. करंज, उंबर, वाळुंज लावायचे. त्यांच्या मुळ्या काठ धरून ठेवतात. विजेचे मीटर, स्वच्छतागृहं सगळ्यात वर. कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा पोहायची जागा आखून द्यावी आणि तिथे जीवरक्षक असावा. भराव मात्र एक पाटीसुद्धा नको. काठावर भराव टाकला की तेवढं पाणी कुणाच्या तरी घरात शिरतं.

पण ह्या सगळ्याआधी शेरीनाला, शहराचं सांडपाणी कृष्णेत आणून सोडणारा. मी शाळेत असल्यापासून हा प्रश्न ऐकते आहे. सांडपाणी नदीत मिसळत राहणार असेल, तर लेकीला पाण्यात हात घाल असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

आणि आराखड्यावर कधीच न दिसणारी एक गोष्ट. पूर ओसरल्यावर बाग धुणार कोण? २०१९ ला आपण सगळे शिकलो, गाळ उतरत्या पाण्याबरोबरच ढकलायचा असतो. एकदा वाळला की कुदळ लागते. त्यासाठी पंप, पाइप, खराटे, माणसं आणि दरवर्षीचे पैसे आधीच बाजूला काढलेले हवेत. हे काम कागदावर आलं, तर पहिल्या पुरानंतर खराटा घेऊन मी येईन. लेकीलाही आणेन.