उत्तम शहरी राहू इच्छिणाऱ्यांस सूचना

राहायला सगळ्यात चांगलं शहर कोणतं, हा प्रश्न हल्ली ज्याला त्याला पडलाय. निवृत्तीला टेकलेले विचारतात, नुकतं लग्न ठरलेले विचारतात, आणि 'आता इंडियात परत यायचं' असं गेली दहा वर्षं म्हणणारे तर हटकून विचारतात. आमच्या कॅनडातल्या भाच्याने त्यासाठी चक्क एक्सेल शीट केलंय. पुणे, बंगळुरू, हैदराबाद, नाशिक, नागपूर असे उभे रकाने. आडव्या ओळींत हवा, शाळा, हॉस्पिटलं, विमानतळ, मॉल आणि 'सांस्कृतिक वातावरण'. प्रत्येकाला दहापैकी गुण. हे शीट फॅमिली ग्रुपवर आलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता सोसायटीच्या गेटवर वॉचमनशेजारी उभा राहून टँकरवाल्याला फोन लावत होतो, आणि तो उचलत नव्हता. तेवढ्या वेळात शीट वरपासून खालपर्यंत वाचून झालं. पाण्याची ओळच नव्हती.

'मामा, तुझं ओपिनियन हवंय.' देतो बाळा. तुला देतो, आणि तुझ्यासारख्या समस्त होतकरूंना देतो.

पहिली सूचना: शहर नेहमी यादी पाहूनच निवडा. यादी सरकारी असेल तर फारच उत्तम. केंद्र सरकारने 2018 साली 111 शहरांची परीक्षा घेतली, त्यात राहायला सोपं शहर म्हणून पुणे पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. पहिले तिन्ही नंबर महाराष्ट्राचे! आनंदाने डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच ठिकाणी तेवढंच आलं. पुढची यादी मार्च 2021 मध्ये लागली, तीत मोठ्या शहरांत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं. (दुसरा नंबर पुण्याला मान्य नाही, पण ते असो.) बरोबर तीन वर्षांनी, 2024 च्या मार्चमध्ये, त्या पहिल्या नंबरच्या शहरात लोक टँकरमागे धावत होते आणि खुद्द कर्नाटकाचे उपमुख्यमंत्री आपल्या घरची बोअरवेल आटल्याचं सांगत होते. पण याचा यादीशी काही संबंध नाही. यादी ही यादी असते, तिला तहान लागत नाही.

दुसरी सूचना: हवा बघा. डिसेंबरात या, आठवडाभर राहा, स्वेटर घाला, निर्णय घ्या. एप्रिलमध्ये येऊ नका. नागपूरला तर मे महिन्यात अजिबात नको.

तिसरी: सांस्कृतिक वातावरण हवंच. सवाई गंधर्व महोत्सव, बालगंधर्व रंगमंदिर, व्याख्यानमाला, दिवाळी पहाट. या सगळ्यांपासून वीस किलोमीटरवर फ्लॅट घ्या आणि मोबाइलवर मालिका बघा.

चौथी: मुंबईत राहायचं असेल तर मुंबईत राहू नका. बदलापूर, टिटवाळा, विरार गाठा आणि पाहुण्यांना 'मुंबईला असतो' म्हणून सांगा. मुंबईच्या पाण्याची काळजी नको, ते भरवशाचं आहे. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तिथून जाडजूड पाइप थेट महानगरात येतात. त्याच शहापूर तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, पण ते कुठल्या यादीत नसल्यामुळे त्यांचे गुण कापता येत नाहीत.

पाचवी: छत्रपती संभाजीनगर जरूर विचारात घ्या. सुमारे 50 किलोमीटरवर जायकवाडीचा नाथसागर, आणि गेली कित्येक वर्षं नळाला पाणी आठवड्यातून एकदा. शिस्त लागते माणसाला. सोलापुरात उजनीच्या भरवशावर चार-पाच दिवसांची शिस्त. लातूरकरांना 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, त्यामुळे स्टेशनजवळ घर मिळालं तर सोडू नका.

सहावी सूचना महत्त्वाची आहे. फ्लॅट घेताना पाण्याबद्दल विचारू नका.

वाईट दिसतं. सायटीवरचा पोरगा टाय लावून उभा असतो, एसी लावलेला असतो, कॉफी येते. सँपल फ्लॅटमध्ये प्लास्टिकची सफरचंदं ठेवलेली असतात. अशा मंगल प्रसंगी 'नळाला पाणी किती वेळ येतं?' हा काय प्रश्न झाला? तुम्ही वास्तू विचारा. पार्किंग कव्हर्ड की ओपन ते विचारा. गार्डन फेसिंगचे किती जास्त ते विचारा. फारच खुमखुमी असेल तर 'कॉर्पोरेशनचं पाणी आहे ना?' एवढं विचारा, म्हणजे तो 'लाइन टाकायचं काम चालू आहे सर, पझेशनपर्यंत होऊन जाईल' म्हणतो आणि दोघांचंही समाधान होतं. प्रकल्पाच्या नावात लेक, रिव्हर, ॲक्वा असं काहीतरी असतंच. तोच आपला पाण्याचा साठा.

मग पझेशन मिळतं. दोनशे फ्लॅटची सोसायटी. घरटी चार माणसं धरा, माणशी 135 लिटर हा सरकारी हिशेब धरा, रोजचे झाले एक लाख आठ हजार लिटर. टँकर असतो दहा हजारांचा. म्हणजे दिवसाला अकरा टँकर. रोज. रविवारी, दसऱ्याला, तुमच्याकडे पूजा असेल त्या दिवशीसुद्धा. पहाटे तीनला रिव्हर्स हॉर्न वाजवत येतो, खालच्या मजल्यावरची लहान मुलं उठतात, पाइप टाकीत सोडतो, अर्धं पाणी पार्किंगमध्ये सांडतो. आत खरंच दहा हजार लिटर होतं का, हे मोजायला वॉचमनकडे काय असतं? एक वही आणि एक बॉलपेन. तो लिहितो 'टँकर आला'. महिन्याच्या शेवटी वहीवरून बिल बनतं. उन्हाळ्यात भाव वाढतो, कारण उन्हाळा. पावसाळ्यात भाव वाढतो, कारण रस्ता खराब. निवडणुकीत टँकर सभेच्या मैदानावर पाणी मारायला जातात, मग सोसायटीला नाही. पाणी कुठून भरलं विचारलं की टँकरवाला तुमच्याकडे असा बघतो की जणू त्याच्या बहिणीचा पगार विचारला. बोअरचं, विहिरीचं की कॅनॉलमधून उपसलेलं, देव जाणे. आमच्याकडे मागच्या आठवड्यात आलं ते पिवळं होतं. सेक्रेटरी म्हणाले, 'पिऊ नका, वापरायला ठीक आहे.' वापरायला म्हणजे काय? त्याच पाण्याने भांडी घासायची, त्याच भांड्यात वरण शिजवायचं!

आणि ही गोष्ट कोणत्या शहरातली? खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं उशाशी असलेल्या पुण्यातली. चारही भरली की सुमारे 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट पाणी. पानशेत फुटलं तो 12 जुलै 1961 सांगणारे म्हातारे अजून आहेत, 2024 च्या जुलैत सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं ते तर सगळ्यांनीच पाहिलंय. इथे पाणी घरात शिरतं, नळातून येत नाही एवढंच. 2025 च्या जानेवारीत त्याच रस्त्याला, नांदेड-किरकटवाडीच्या बाजूला, जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आला. धरणाच्या भिंतीपासून ही गावं हाकेच्या अंतरावर. दोन्ही 2021 साली महापालिकेत आली. 2017 ची अकरा आणि 2021 ची तेवीस, अशी 34 गावं शहराने पोटात घेतली, नकाशा फुगला, क्षेत्रफळात राज्यात पहिला नंबर लागला. आणखी एक पहिला नंबर! पाइपलाइन मात्र जुन्या हद्दीजवळ दमून बसली. बंगळुरूनेही 2007 साली 110 गावं अशीच घेतली होती. भाच्या, तुझ्या शीटमधले पहिले दोन्ही रकाने हे.

राहायला चांगल्या शहरांच्या परदेशी याद्यांत व्हिएन्ना वर्षानुवर्षं वरच्या नंबरांत असतं, ते काय तिथल्या कॉफीमुळे नाही. आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी 1873 पासून उतारावरून आपसूक शहरात येतंय. हे सांगितलं की आपले लोक लगेच म्हणतात, 'त्यांची लोकसंख्या केवढीशी!' बरं, राहिलं. मग नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळ घालून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, पेठांमधले हौद भरले, ते कोणी केलं? त्यांच्याकडे स्मार्ट सिटीचा निधी होता का?

सातवी सूचना: मेट्रो येणार असेल तिथे घ्या. येईल.

आठवी: शाळा जवळची बघू नका, बसची बघा. मूल दीड तास बसमध्ये झोपतं, तेवढीच घरी शांतता.

नववी: करारनामा वाचू नका. जाडजूड असतो, इंग्रजीत असतो, आणि सब-रजिस्ट्रारकडे नंबर आलेला असतो. त्यात पुढे कुठेतरी एक कलम असतं, की महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत टँकरचा खर्च फ्लॅटधारक सोसतील. त्याआधी बिल्डरने पालिकेला एक हमीपत्र दिलेलं असतं, की पालिका पाणी देऊ शकेपर्यंत पाण्याची सोय मी करीन. त्या हमीपत्रावर बांधकामाची परवानगी मिळते. म्हणजे पाणी नाही हे पालिकेला माहीत, बिल्डरला माहीत, टँकरवाल्याला तर जन्मापासून माहीत. माहीत नसतो तो एकटा पैसे देणारा. त्याला कळतं तेव्हा बिल्डर पुढच्या सायटीवर गेलेला असतो आणि त्याच्या हमीचं बिल मेंटेनन्समध्ये लागलेलं असतं. आमच्या सोसायटीत परवा यावर मीटिंग झाली. मी म्हटलं, हमीपत्राची प्रत काढू, माहिती अधिकारात अर्ज करू, पालिकेत जाऊन बसू. एक गृहस्थ उठले. म्हणाले, 'अहो काका, ओरडाआरडा झाला, पेपरात आलं, तर फ्लॅटचे रेट पडतील.' आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या! तोंड धुवायला पाणी नाही आणि रेट पडतील म्हणून टाळ्या वाजवता?

दहावी सूचना वगैरे काही नाही आता. सरळच बोलतो. कोणतं शहर चांगलं, कोणतं शहर चांगलं, हे काय लावलंय? हॉटेलचं मेन्यूकार्ड आहे का ते? पूर्वी गावात मुलगी द्यायच्या आधी पाणवठा किती लांब आहे ते बघून यायचे. शाळा न शिकलेल्या बायका हे विचारायच्या. तुम्ही दोन-दोन डिग्र्या घेतल्यात, तीस वर्षांचं कर्ज काढलंत, आणि स्विमिंग पूलचा फोटो पाहून सही केलीत. त्या पुलात पाणी कुठून येणार हेसुद्धा मनात आलं नाही? आणि आता टाकी कोरडी पडली की ग्रुपवर रागाचे चेहरे टाकायचे, सेक्रेटरीला शिव्या द्यायच्या, वॉचमनवर ओरडायचं. तो बिचारा स्वतः पत्र्याच्या खोलीत राहतो, त्याला दोन बादल्या मिळतात का विचारलंत कधी?

मार्च 2022 मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली. तेव्हापासून 2026 च्या जानेवारीपर्यंत निवडणूकच झाली नाही. जवळपास चार वर्षं शहराला नगरसेवक नव्हता. जाब विचारायचा तर समोर माणूस नव्हता. तुमचं काही अडलं? एक मोर्चा निघाला तुमच्या सोसायटीतून? क्रिकेटची मॅच एक तास उशिरा सुरू झाली तर याहून जास्त बोंब मारता तुम्ही. मग एकदाची निवडणूक लागली, सुट्टी मिळाली, आणि आमच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या आदल्या रात्रीच कोकणात गेल्या. तेच लोक आज विचारतात, नाशिक कसं आहे हो, तिथे पाण्याचा त्रास नाही ना? नाही, अजून नाही. तुम्ही या, मग होईल. दोनशे फ्लॅट घेऊन या, पाण्याचं न विचारता या, मतदानाच्या दिवशी महाबळेश्वरला जा, आणि पाच वर्षांत तिथेही पहाटे तीनला टँकर उभा करून दाखवा. मग कोल्हापूर आहे, मग रत्नागिरी आहे. शहरं पुष्कळ आहेत नासवायला.

भाच्या, तुझ्या शीटमध्ये एक ओळ घाल. पाणी कुठून, किती वेळ, कोणाच्या सहीने. ज्या गल्लीत घर घेणार त्या गल्लीत सकाळी सहाला जाऊन उभा राहा आणि नळ बघ, नळ नसेल तर टँकर मोज. शेजारच्या इमारतीतल्या बाईला विचार, बिल्डरला नको. करारनाम्यातलं ते टँकरचं कलम वाच, बिल्डरचं हमीपत्र लेखी माग, आणि ते दिलं नाही तर उठून चालू लाग, कॉफी अर्धी राहिली तरी चालेल. एवढं होत नसेल तर तिकडेच थांब. इथे न विचारता राहणारे आधीच खूप झालेत.